जलालची ओळ

जानेवारीत सलग चार दिवस वारा सुटला. सौदीतल्या अल खर्जमध्ये दाराखिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले तरी भाताच्या पातेल्यात वाळू करकरत होती. पाचव्या सकाळी वारा पडला आणि अबू नायिफचा फोन आला. जलालनं तो उभं राहूनच घेतला. कफीलचा, म्हणजे ज्याच्या परवान्यावर इथं राहायचं त्या मालकाचा, फोन तो कधी बसून घेत नसे.

"ऐवा, अबू नायिफ... ऐवा... इन्शाल्ला," एवढंच तो बोलत होता. फोन ठेवून त्यानं बायकोकडं पाहिलं. "दक्षिणेची वाळू सरकलीय म्हनतो. खडीचा लांब पट्टा उघडा पडलाय. दुसऱ्या कोनाचा पाय पडायच्या आत जाऊन बगा, म्हनतो."

"किती दिस?" अमिरुन्निसानं विचारलं.

"तीन-चार. पानी पाच दिसांचा घे."

ती उठली आणि कॅन भरायला लागली.

आकाशातून पडलेले दगड शोधणं हा त्या नवराबायकोचा धंदा होता. जलाल मूळचा जयगड खाडीच्या काठचा. चौदा वर्षं त्यानं खर्जच्या दुधाच्या फार्मवर गाई धुतल्या, शेण ओढलं, आणि एके दिवशी त्याची कंबर बसली ती पुरती उठलीच नाही. तेव्हा त्याच्या थोरल्या भावानं, फकरुद्दीननं, त्याला या कामात ओढलं. परवाना अबू नायिफच्या नावावर, गाडी अबू नायिफची. सापडेल तो दगड त्याच्या हातात द्यायचा आणि महिन्याचा पगार घ्यायचा. काम ऐकायला सोपं. दोघांनी दहा पावलांचं अंतर ठेवून समांतर चालायचं, मान खाली घालून. किलोमीटरभर गेलं की वळायचं, पुढच्या ओळीला लागायचं. पांढुरक्या खडीत काळं काही दिसलं की काठीच्या टोकाचं लोहचुंबक लावून बघायचं. शंभर काळ्या दगडांत नव्याण्णव इथलेच, जमिनीचे. एखादाच तव्यावर करपलेल्या भाकरीसारखा, पातळ काळ्या सालीचा, हातात धरला तर आकारापेक्षा जड.

अमिरुन्निसा या कामात आली ती फकरुद्दीन नाहीसा झाल्यावर. अबू नायिफनं दुसरा माणूस दिला नाही. मूलबाळ नव्हतं, घरात बसून ती तरी काय करणार होती. माहेरी असताना ओहोटीला चिखलात तिसऱ्या-शिंपल्या वेचून तिची नजर तयार झाली होती. जिथं जे नसावं ते तिला आधी दिसे. पहिल्याच हंगामात तिला जलालपेक्षा जास्त दगड सापडले. अबू नायिफनं "माशाल्ला" म्हटलं आणि पगार एकाचाच दिला.

फकरुद्दीन गेला त्याला दोन वर्षं होत आली होती. एप्रिलचा शेवट होता, हंगाम सरत आलेला. जलाल तापानं फणफणला होता म्हणून फकरुद्दीन एकटाच गेला. अबू नायिफच्या पुतण्यानं त्याला तीन दिवसांचं पाणी देऊन मोकळ्या रानात सोडलं. चौथ्या दिवशी घ्यायला जायचं ठरलं होतं. पुतण्या परत आला तो एकटाच. माणूस नाही, पिशवी नाही, दगड नाहीत, म्हणाला. दोनदा लोक जाऊन आले. पुतण्यानं दाखवलेल्या जागी कुठं पाऊलही उमटलेलं नव्हतं. मग अबू नायिफनं हुरूब लावला. हुरूब म्हणजे कामावरून पळाला, असा कागदोपत्री शिक्का. पळालेल्या माणसाला शोधायला कोण जातं?

गावी तर गोष्टीला पाय फुटले. फकऱ्याला लाखमोलाचा दगड गावला, तो ओमानात जाऊन बसला, तिथं दुसरा निकाह लावला. त्याची बायको सफूरा ना सवाष्ण ना रांड, अशी लटकत राहिली. लेकीचं, इकराचं, ठरलेलं लग्न मोडलं. चोराची पोर नको, असं मुलाकडचे तोंडावर बोलले.

गाडी दिवसभर दक्षिणेला धावली. शेवटच्या पेट्रोलपंपावर बायकांची मोरी कुलूपबंद होती. अमिरुन्निसा मशिदीमागं भिंतीच्या आडोशाला जाऊन आली आणि गाडीत बसली. पुढं डांबर संपलं. दोन तास चाकांखाली नुसती खडखड. संध्याकाळच्या आत त्यांनी तंबू ठोकला, डाळभात केला आणि निजले.

सकाळी काम सुरू झालं. जलालनं कमरेला पट्टा आवळला. तिनं अबाया वर खोचला, पायांत पुरुषी बूट, डोक्याला ओढणी घट्ट. खडीचा पट्टा खरंच कोरा होता. जणू कुणी ताटलीत मुरमुरे पसरावेत तशी पांढरी-पिवळी खडी, क्षितिजापर्यंत. झाड नाही, खडक नाही. वारा पूर्ण पडला होता आणि आवाज असा नव्हताच. स्वतःच्या बुटांची करकर तेवढी, आणि ती थांबली की कानात आपलंच रक्त वाहताना ऐकू यायचं.

दुपारपर्यंत दोघांनी आठ ओळी चालून काढल्या. नवव्या ओळीत ती थांबली.

"अवो, हिकडं बगा."

"गावला काय?"

"दगड नाय. हितं कोन तरी आधी चाल्लाय."

जलाल आला. खडी दबलेली होती. पावलं होती, बारीक वाळू साचलेली, पण स्पष्ट. सरळ गेली होती, रेघ मारावी तशी. दहा पावलांवर दुसरी रांग, तशीच सरळ.

"दोघं होते," जलाल म्हणाला. त्याचा चेहरा पडला. "आमच्याआधी कोन तरी हात मारून गेला. अबू नायिफ बोंबलनार आता."

"हे ताजा नाय. वाळूखाली व्हता, वाऱ्यानं उघडा पडलाय."

"मग जुना आसंल. खडीत पाऊल वीस वर्षं ऱ्हातंय."

पण गाडीचा माग कुठंच नव्हता. ते दोघं त्या पावलांच्या बाजूनं चालायला लागले. किलोमीटरभर पुढं पावलं वळली होती, पुढच्या ओळीला लागली होती, तीही दहा पावलं सोडूनच. त्या वळणावर छोटी रास होती. चार दगड, भोवती पांढऱ्या खड्यांचं कडं.

जलालनं काठी पुढं केली. चुंबक टक्कन चिकटलं. एकाला, दुसऱ्याला, चारीच्या चारींना. करपलेली काळी साल, अंगठ्यानं दाबल्यासारख्या खळग्या. एवढे दगड दोघांना अख्ख्या हंगामात सापडले नव्हते.

तो ते उचलायला वाकला नाही. त्या कड्याकडं बघत उभा राहिला.

"भाई असा कडा करायचा," तो म्हणाला.

अमिरुन्निसा गुडघ्यांवर बसली. पावलाजवळ तोंड नेऊन बघितलं. टायरच्या रबराचा तळ, खर्जच्या बाजारात मिळतो तसला. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली. फकरुद्दीन लहानपणी माडावरून पडला होता आणि तेव्हापासून डावा पाय बाहेर टाकत चालायचा. वहाणा दर वर्षी त्याच बाजूनं झिजायच्या.

"भाईजानच हायत," ती म्हणाली.

"हितं कसा येल? त्याला सोडला ती जागा हितनं साठ किलोमीटर. मी सोताच्या डोळ्यांनी बगितलीय ती जागा."

"ती तुमाला दाखवली ती. सोडला ती कोनी बगितली?"

जलाल म्हणाला, "आनि दुसरा कोन? दोन रांगा हायत."

ती उठली, दहा पावलं चालून दुसऱ्या रांगेपाशी गेली, पुन्हा बसली. तिथं बराच वेळ बसून राहिली.

"काय झाला?"

"ही पन त्याचीच," ती म्हणाली. "तीच वहान. तीच टाच."

एक ओळ चालून झाल्यावर फकरुद्दीन मागं आला होता, दहा पावलं बाजूला सरकला होता आणि तीच ओळ पुन्हा चालला होता. जिथं जोडीदारानं चालायचं तिथून. आपली ओळ चालायची, परत यायचं, मग जलालची ओळ चालायची. एका माणसानं दोघांचं काम.

"एकटा होता म्हनून आसंल," जलाल म्हणाला. "जागा सुटू नये म्हनून."

"आसंल," ती म्हणाली.

अंधार पडायला अवकाश होता, पण त्या दिवशी ते पुढं गेले नाहीत. तंबूत जलाल पट्टा न सोडता पडून राहिला. तिनं चहा दिला, तो त्यानं घेतला नाही.

सकाळी ते दगडांसाठी निघाले नव्हते, पण चालले तसेच, माना खाली घालून, दहा पावलांच्या अंतरानं. तो त्या रांगेतून, ती या रांगेतून.

दुसरी रास तासाभरानं लागली. सात दगड. चुंबक दोन दगडांना चिकटलं, पाचांना नाही. काळेच होते, पण इथलेच, साधे. जलाल म्हणाला, "भाई असा चुकनार नाय. पोर पन चुकनार नाय." तिसऱ्या राशीत चुंबकाला चिकटणारं काहीच नव्हतं. वीस-बावीस काळे खडे, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावलेले, बायका वाल निवडून ठेवतात तसे. चौथ्या राशीत दगड पांढरे होते. रानभर पसरलेल्या पांढऱ्या खड्यांतलेच मूठभर, पण प्रत्येक पुसून ठेवलेला, आणि भोवती पांढऱ्याच खड्यांचं कडं.

"पानी संपला असनार," अमिरुन्निसा म्हणाली.

नेमलेल्या जागेवरून हलायचं नाही, हा रानातला पहिला धडा. घ्यायला येणारा तिथंच येतो. फकरुद्दीन तो धडा शेवटपर्यंत विसरला नव्हता. वाट शोधत तो कुठंही भरकटला नव्हता. गाडीची वाट बघत तो फक्त काम करत राहिला होता.

पुढं रांगा जवळ यायला लागल्या. दहा पावलांची सात झाली, मग चार. पाचव्या राशीत त्याचं घड्याळ होतं. त्याच्या शेजारी बंद पडलेला मोबाईल, चुंबकाची काठी, कमरेचा पट्टा, सगळं कड्याच्या आत नीट मांडलेलं, सापडलेल्या मालासारखं. त्यानंतर दोन्ही रांगा हातभर अंतरावरून चालल्या होत्या. दोन माणसं एकमेकांना खांदा लावून चालावीत तशा. वहाणा सुटलेल्या. उघड्या पायांची बोटं खडीत रुतलेली, दोन्ही रांगांत.

जलाल एकदम ओरडला, "भाई!"

आवाज कुठं आपटून परत आला नाही. असाच विरून गेला. समोर उन्हाच्या झळांत क्षितिज पाण्यासारखं हलत होतं.

तिथून शंभर पावलांवर जमीन कमरेइतकी खचली होती. त्या बांधाच्या आडोशाला फकरुद्दीन होता. कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले, तोंडावर गमछा ओढलेला. वाळूनं त्याला अर्ध्यापर्यंत पांघरलं होतं. रानानं त्याला सुकवला होता, कुठं घाण नव्हती, वास नव्हता. पाठ भिंतीला न लावता तो भिंतीपासून थोडा बाहेर निजला होता. आतल्या बाजूला, सावलीत, एका माणसापुरती जागा मोकळी सोडली होती.

त्या मोकळ्या जागेत कागदावर सात खजूर होते, वाळून दगड झालेले. आणि पाण्याची एक बाटली, कारखान्यातून आली तशी. झाकणाचं सील तुटलेलं नव्हतं. पाणी थोडं आटलं होतं आणि बाटलीचे गाल आत गेले होते. फकरुद्दीनच्या स्वतःच्या बाजूला रिकाम्या बाटल्या होत्या, बिया होत्या.

अमिरुन्निसाला आधी काही उमगलं नाही. मग उमगलं आणि तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. तहानेनं मेलेल्या माणसाच्या हाताशी सीलबंद पाणी होतं. त्यानं ते फोडलं नव्हतं, कारण ते त्याच्या वाट्याचं नव्हतं.

जलाल भावाच्या पायांशी बसला. रडला नाही. वाळूत उतरलेल्या त्या पावलांवर त्यानं हात ठेवला आणि तो तसाच बसून राहिला. ती कलमा पुटपुटत होती. शेवटी तोच बोलला.

"अबू नायिफला सांगाया पायजे."

"पोलिसांना."

"आधी त्याला. अमी, डोस्का ठिकानावर ठेव. हितं ऱ्हायाचा कागद, इकामा, त्याच्या हातात हाय. पुतन्याचा नाव येनार म्हनल्यावर तो आमाला हितं ठेवील?"

"आनि आधी त्याला सांगितला तर काय करील? गाडी घेऊन येल. दगड उचलील, भाईजानला उचलील आनि साठ किलोमीटरवर नेऊन ठेवील. मग म्हनल, बगा, पळत व्हता तो मेला."

"तू असा का बोलतस..."

"मी बोलतंय कारन भाबी दोन वर्सं तोंड लपवून बसलीय. चावी द्या."

"एकटी जानार?"

"तुमी हितं ऱ्हावा. त्याला परत एकटा सोडू नका."

चावी त्याच्या खिशातून तिनंच काढली. गाडी ती फार्मच्या आवारात शिकली होती. एवढं अंतर कधी चालवली नव्हती. मोबाईलला रेंज यायला दीड तास लागला. तिनं पोलिसांना हिंदी आणि मोडक्या अरबीत सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि गाडी डांबराच्या कडेला लावून थांबली. दुपार कलताना दोन गाड्या आल्या. एकीत तरुण अधिकारी आणि शिपाई, दुसरीत एक म्हातारा मागकाढ्या, दाढी मेंदीनं रंगवलेली, पायांत साध्या चपला. त्यांना घेऊन ती परत निघाली.

बांधाशी पोचली तेव्हा जलाल त्या मोकळ्या जागेत बसला होता. भावाच्या आणि भिंतीच्या मधे. त्याच्या हातात बाटली होती, रिकामी.

अधिकारी रागावला. एकाही वस्तूला हात लावायचा नाही, हे कळत नाही का? ही बाटली कुणाची?

"माझी," जलाल म्हणाला.

अधिकाऱ्यानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. शिपाई फोटो काढायला लागले. म्हातारा मात्र बांधाकडं आलाच नाही. तो रांगांच्या कडेकडेनं मागं चालत गेला, लांबवर, ठिपक्याएवढा झाला, आणि तेवढ्याच सावकाश परत आला. अमिरुन्निसा गाडीच्या सावलीत उभी होती. म्हाताऱ्यानं अधिकाऱ्याला काही सांगितलं. अधिकारी हसल्यासारखं करून म्हणाला, वहाण तर एकच आहे. म्हाताऱ्यानं मान डोलावली.

"नअल वाहिद," तो म्हणाला. "रिज्जाल इथनैन."

एवढं अरबी तिला कळत होतं. वहाण एक. माणसं दोन.

म्हाताऱ्यानं वाकून बोटानं दाखवलं. या रांगेत पाऊल जड, टाच आधी, डावा पाय बाहेर. त्या रांगेत तीच वहाण, पण पाऊल हलकं, चवडा आधी, कमरेत दुखणं असलेला माणूस टाकतो तसं. शेवटी उघड्या पायांतही तसंच. आणि मागं यायची पावलं म्हणाल, तर ती पहिल्या काही ओळींतच आहेत. पुढं ती नाहीत, दोन्ही रांगा नुसत्या पुढंच जातात. म्हातारा ते पटवून द्यायला बसला नाही. गाडीत जाऊन बसला.

अमिरुन्निसा चाकाला टेकून खाली बसली.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या एप्रिलमध्ये जलाल सहा दिवस तापात होता. खोलीतल्या खाटेवर, एसी लावून. ती रात्रंदिवस उशाशी होती. तो काही ओळखत नव्हता, आणि चादरीखाली त्याचे पाय चालत होते. एक, दोन, एक, दोन, थकून थांबेपर्यंत, मग पुन्हा. तिनं ते धरून ठेवायचा प्रयत्न केला होता. ताप उतरला तेव्हा त्याच्या तळव्यांची कातडी सोलून निघाली होती, फोड आले होते. डॉक्टर म्हणाला, तापात होतं असं. तिनं महिनाभर खोबरेल चोळलं होतं. हे ती कुणाशी बोलली नव्हती, बोलण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नव्हतं. तिनं बांधाकडं पाहिलं. जलाल शिपायांना भावाचं नाव सांगत होता, बापाचं नाव सांगत होता, आणि कंबर धरून, चवड्यांवर भार देऊन उभा होता.

पुढचं सरळ झालं. पुतण्यानं तिसऱ्या दिवशी ठाण्यात कबूल केलं. लग्नघरात अडकला म्हणून तो आठव्या दिवशी गेला, सोडलेली जागा त्याला सापडेना, चुलत्याच्या भीतीनं त्यानं डांबराजवळची भलतीच जागा दाखवली. हुरूब काढून टाकल्याचा कागद निघाला. अबू नायिफ ठाण्यात आला, जलालला मिठी मारायला पुढं झाला. जलाल बसूनच राहिला. मग महिनाभरानं त्यांना त्याच्याकडून सुटका मिळाली आणि खर्जच्या एका खजुराच्या बागेत राखणदारी. तिथं मान वर करून चालायचं काम होतं.

फकरुद्दीनला खर्जबाहेरच्या कबरस्तानात पुरलं. जलाल स्वतः कबरीत उतरला होता. मातीचे हात घेऊनच तो खोलीवर आला आणि म्हणाला, "भाबीला फोन तू कर. माझ्यानं व्हनार नाय."

सफूराला मृत्यूची बातमी आधीच कळली होती. ती हुंदके देत नव्हती. पलीकडून घरात जमलेल्या बायकांचा गलका ऐकू येत होता. दोन वर्षांनी त्या घरात लोक आले होते. सफूरानं सगळं विचारून घेतलं. अंगावर कपडे होते का, तोंड कुणीकडं होतं, कफन नवं होतं का. मग तिनं बायकांना गप्प राहायला सांगितलं आणि आवाज खाली आणला.

"अमी, खरा सांग. शेवटाला तो अगदी एकटा व्हता गो?"

अमिरुन्निसानं दाराकडं पाहिलं. जलाल उंबऱ्यावर बसून पायांवरची माती झाडत होता.

"नाय भाबी," ती म्हणाली. "ह्ये व्हते त्यांच्यासंगं."